वीतभर कमी

मामा कशाकशाला घाबरत नसत याची यादी करायला घेतली असती, तर ती पोस्टकार्डाच्या पाठीवर सहज मावली असती. कुत्र्याला ते घाबरत, लिफ्टला घाबरत, बंद पाकिटाला घाबरत. फोन वाजला की आधी मामींच्या तोंडाकडे बघत, जणू काय झालंय ते मामींना आतूनच कळलेलं असावं. आणि "साहेबांनी बोलावलंय" हे दोन शब्द कानावर पडले की पोटात गोळा आलाच. साहेब बहुतेक वेळा रजेच्या अर्जावर राहिलेली सही मागायला बोलवायचे, पण त्याने मामांच्या पोटाला काही फरक पडत नसे.

मैदानावर मात्र ते कुणालाही भीत नसत. कॉलेजच्या फुटबॉलच्या मैदानाचे ते राखणदार, माळी, आखणी करणारे, सगळं काही. सव्वीस वर्षं. गवत कापायचं, पाणी सोडायचं, गोलच्या जाळ्या बांधायच्या आणि सामन्याच्या दिवशी सकाळी चुन्याच्या गाडीने रेघा मारायच्या. ती गाडी ढकलताना हा माणूस ताठ चालायचा. रेघेवर कुणी पाय दिला तर प्राचार्यांनासुद्धा "बाजूला व्हा" म्हणायचा आणि मग घरी जाऊन रात्रभर पस्तावायचा. त्यांच्या रेघा सरळ असायच्या, हे खरं. पाहुणे संघही ते कबूल करायचे.

मुली त्यांना मामा म्हणायच्या, कारण संघात त्यांची खरी भाची होती. बहीण दूरच्या शहरात नर्स, तिच्या पाळ्यांचा मेळ बसेना, म्हणून मुलगी नवव्या वर्षी मामा-मामींकडे राहायला आली ती राहिलीच. शाळेतून सुटली की मैदानावर यायची आणि मामांनी नुकत्याच मारलेल्या रेघेच्या कडेकडेने पावलाला पाऊल लावून चालायची. एकदाही रेघ मोडायची नाही. तेव्हापासून तिचं नाव मुंगी पडलं. आता ती शेवटच्या वर्षाला होती, बचावफळीत पाच नंबरचा शर्ट घालून खेळायची आणि अंगाने अजूनही मुंगीएवढीच होती.

आता दोरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्या दोरीपाशीच बिनसलं.

गोलसमोर जो मोठा चौकोन असतो, ज्याला सगळे बॉक्स म्हणतात, त्याची पुढची रेघ गोलरेषेपासून साडेसोळा मीटरवर पाहिजे. बचाव करणाऱ्याने बॉक्सच्या आत फाउल केला तर पेनल्टी, म्हणजे जवळजवळ गोलच. रेघेच्या बाहेर केला तर नुसती फ्री किक. हे सगळं अंतर मामा एका अंगठ्याएवढ्या जाड दोरीने मोजायचे. दोरीला तीन ठिकाणी रंगीत चिंध्या शिवलेल्या, मामींच्या हातच्या. तिसरी, तांबडी चिंधी म्हणजे साडेसोळा मीटर. एक टोक गोलरेषेवरच्या खुंटीला अडकवायचं, दोरी ताणायची, तांबडी चिंधी येईल तिथे दुसरी खुंटी ठोकायची. सव्वीस वर्षं तसंच चाललं होतं आणि एकदाही चुकलं नव्हतं.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मामा दोरी गवतात पसरून बसले होते, तेवढ्यात ऑफिसचा शिपाई येऊन म्हणाला, साहेबांनी बोलावलंय. मामा दोरी तशीच टाकून धावले. रजेच्या अर्जावर सही राहिली होती. परत आले ते अजून धडधडत्या छातीनेच, आणि त्याच नादात गवत कापायचं यंत्र सुरू करून दोरीवरून घातलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चिंधीच्या मध्ये दोरी चावल्यासारखी तुटली. मामांनी फाटलेली टोकं कातरून काढली, दुहेरी गाठ मारली, पाय देऊन ओढून बघितली. गाठ झकास बसली होती. गाठ चांगली बसल्याचा त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदात एक साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नाही. गाठ मारायला दोरी लागते. जेवढी लागते, तेवढी ती मापातून कमी होते.

लोखंडी टेप होती कॉलेजची. ती दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिशियन घेऊन गेला होता. परत मागायची म्हणजे त्याच्याशी बोलावं लागलं असतं, आणि तो जरा तुसडा होता. घरच्या प्रत्येक सामन्याआधी मामांना एक चिठ्ठी भरावी लागे. 'मैदान नियमाप्रमाणे मोजले आहे', खाली सही. मामा बिनधास्त सही करायचे. जगात बिनधास्त सही करायची ती एवढी एकच.

त्या वर्षी संघ असा खेळला की लोक मैदानावर उभे राहायला यायला लागले. एकूण चाळीस कॉलेजं, प्रत्येकाचे बारा सामने, आणि दर सोमवारी दुपारी स्पर्धेची समिती क्रमवारी लावायची. किती जिंकलात एवढंच नाही, कुणाला हरवलंत तेही धरायचे. हंगाम संपला की पहिले आठ संघ पुढच्या फेरीत जाणार, बाकीच्यांनी बुटाचा चिखल पुसून घरी जायचं. आपल्या मुली सव्वीस वर्षांत चौदाव्याच्या वर कधी चढल्या नव्हत्या. या वेळी तिसऱ्या सोमवारी त्या अकराव्या होत्या आणि वसतिगृहाच्या भिंतीवर कुणीतरी खडूने मोठ्ठा आठ काढला होता.

घरच्या मैदानावर त्यांना हरवणं कठीण होतं, आणि त्यात मुंगीचा वाटा मोठा. तिचं एक तंत्र होतं. समोरून चेंडू घेऊन कुणी आलं की ती उलट्या पावलांनी धावत मागे यायची, डोळे चेंडूवर, आणि बॉक्सच्या रेघेला खेटून पण बाहेरच पाय घालायची. रेघेकडे कधी बघायची नाही. तिच्या पायांना रेघ माहीत होती. रोज सकाळी कॉलेज भरायच्या आधी ती एकटीच हे शंभरदा घोटायची.

पण बाहेरगावी गेली की गाडं घसरायचं. सहा सामने बाहेर झाले. त्यांतले तीन सामने संघ हरला, तिन्ही एकेका गोलने, आणि तिन्ही गोल पेनल्टीवर. तिन्ही वेळा फाउल मुंगीचा, रेघेच्या जेमतेम आत. कोच म्हणजे मोठ्या आवाजाच्या, मनाने चांगल्या बाई. त्या पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत, दुसऱ्यांदा बोलल्या, तिसऱ्यानंतर त्यांनी तिला पुढचा बाहेरचा सामना बाकावर बसवलं. घरी वाघ आणि बाहेर मांजर, असं मुली म्हणायला लागल्या. परकं मैदान बघितलं की हिचे पाय कापतात. आणि कुणीतरी हसत म्हणालं, मामावर गेलीय.

हे मामांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाबरणं काय असतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत? आपल्या रक्तातून हिला हेच मिळायचं होतं का, असं त्यांना वाटत राहिलं. एका संध्याकाळी मुंगी बूट धूत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "मामा, घाबरल्यावर पाय जड होतात का रे?"

मामांनी जाणकारासारखं सांगितलं, होतात. आधी पाय, मग जीभ. दीर्घ श्वास घ्यायचा, दहापर्यंत मोजायचं.

"पण मला तर घाबरल्याचं कळतच नाही," ती म्हणाली. "सगळे म्हणतात म्हणजे घाबरत असेन." आणि बूट खसाखसा घासायला लागली.

तरीही संघ आठव्या नंबरापर्यंत चढला तो एका सामन्याच्या जोरावर. शेवटून दुसरा सामना, घरी, क्रमवारीत पहिल्या असलेल्या संघाशी. आपल्या मुलींनी विसाव्या मिनिटाला एक गोल केला आणि उरलेला सगळा वेळ जीव मुठीत धरून काढला. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना त्यांची नऊ नंबरची मुलगी सुसाट आली. मुंगी उलटी धावत मागे आली, पाय घातला, दोघी आडव्या झाल्या. शिट्टी वाजली. रेफरी धावत आल्या, रेघेकडे बघितलं, मुंगीच्या बुटाने गवतात पडलेली खोक बघितली. खोक रेघेच्या बाहेर होती, चार बोटं. फ्री किक. ती मुलींनी केलेल्या भिंतीला आपटून गेली आणि सामना जिंकला.

कॉलेजच्या एका मुलाने नेमका त्या क्षणी फोटो काढला होता. मुंगीचा बूट, पांढरी रेघ आणि मध्ये चार बोटं हिरवं गवत. तो मोठा करून ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लावला. येणारा-जाणारा म्हणायचा, मामांच्या रेघेने वाचवलं. मामा लाजायचे. तो आठवडा त्यांच्या आयुष्यातला बहुधा सगळ्यात सुखाचा आठवडा होता.

हंगाम संपला. तात्पुरत्या यादीत संघ आठवा. शेवटची यादी सोमवारी लागणार होती. मग कॉलेजला पत्र आलं, की पहिल्या आठ संघांची मैदानं समिती मोजून बघणार आहे. त्यातली चांगली चार पुढच्या फेरीसाठी निवडणार. आपल्याकडे तपासणीस गुरुवारी येणार.

पत्र म्हटल्यावर मामा घाबरले, पण ते मैदानाचं पत्र होतं, म्हणून ते सावरले. परीक्षेआधी हुशार मुलगा एकदा पुस्तक चाळतो तसं, मंगळवारी दुपारी त्यांनी कॉलेजच्या सुताराकडून लोखंडी टेप मागून घेतली. सुतार बरा माणूस होता. गोलरेषेवर टेपचं टोक खोचलं आणि चालत बॉक्सच्या रेघेपर्यंत आले. वाकून आकडा वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला. सोळा मीटर अठ्ठावीस.

मग दुसऱ्या टोकाला गेले. तिथेही तेवढंच. बाजूच्या रेघा मोजल्या, त्याही तेवढ्याच कमी. मामांनी कोठीतून दोरी आणली, तांबड्या चिंधीपर्यंत पसरली आणि मध्ये ती झकास बसलेली गाठ बघितली. त्यांनी गाठीवर हात ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, एक वीत. कोठीतल्या खताच्या पोत्यावर ते मटकन बसले.

पहिली भीती नोकरीची होती. सहा सामने, सहा खोट्या सह्या. दुसरी भीती अर्ध्या तासाने आली आणि तिने पहिलीला पार झाकून टाकलं. ते उठले, ऑफिसबाहेरच्या बोर्डापाशी गेले आणि फोटोसमोर उभे राहिले. बूट, चार बोटं गवत, रेघ. खरी रेघ जिथे हवी होती, ती या रेघेच्या वीतभर बाहेर. म्हणजे बूट आत होता. म्हणजे ती पेनल्टी होती. म्हणजे सामना बरोबरीत सुटला असता आणि संघ आठवा नसता, अकरावा नाहीतर बारावा असता. हे सगळं बोर्डावर टाचण्या मारून लावलेलं होतं, कुणीही पट्टी घेऊन यावं आणि मोजावं. मामांनी इकडेतिकडे बघितलं. ग्रंथालयातला माणूस जाताना म्हणाला, मामा, किती वेळा बघाल? मामांना हसता आलं नाही.

घरी मामा ताटात नुसती बोटं फिरवत होते. मुंगी मात्र तोंड भरून बोलत होती. कोच म्हणाल्यात, पुढच्या फेरीचा सामना बाहेरगावी असला तरी तिला खेळवणार. तिथे निवड समितीचे लोक येतात म्हणे. एकदा फक्त दाखवायचंय की मी घाबरत नाही, ती म्हणाली. मामी मामांकडे बघत होत्या. मुंगी झोपायला गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, काय झालंय ते सांगा आता.

मामांनी सांगितलं. मामींनी सगळं ऐकून घेतलं. त्या शिवणकाम करणाऱ्या, मापात चुकलेलं उसवून पुन्हा शिवायचं एवढंच त्यांना ठाऊक. त्यात काय, म्हणाल्या, गुरुवारच्या आत रेघ नीट मारा. जुनी पुसून टाका. कोण बघायला येतंय?

मामांना ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. रात्रभर ते कूस बदलत राहिले.

बुधवारी उजाडता उजाडता ते मैदानावर होते. टेपने मोजून नवी रेघ मारली, साडेसोळा मीटरवर, काटेकोर. जुन्या रेघेचा चुना ब्रशने झाडला, पाणी मारलं. चुना निघाला. पण गवत निघेना. तीन महिने पुन्हा पुन्हा चुना पिऊन रेघेखालचं गवत जळून पिवळंफटक पडलं होतं. नव्या पांढऱ्या रेघेच्या आत, बरोबर वीतभर अंतरावर, पिवळी रेघ. मैदानाने सगळं लिहून ठेवलं होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. कापलेलं गवत त्यांनी पोत्यात भरून आणलं, गुडघ्यांवर बसले आणि मुठीमुठीने पिवळ्या पट्ट्यावर दाबायला लागले.

"काय करतोयस?"

मुंगी सरावाला आली होती. जे सुचलं ते मामा बोलले. "कीड लागलीय. उद्या तपासणीस यायच्यात."

मुंगीने बॅग खाली टाकली. काही न विचारता ती त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसली, पोत्यात हात घातला आणि गवत दाबायला लागली. मामांनी तिला नको म्हटलं. ती म्हणाली, तुझे गुडघे दुखतात, तू हो बाजूला. तासभर दोघं रांगत होते. मामांपेक्षा तिचं काम चांगलं होतं. ती कडेने पाणी शिंपडायची, वरून तळहाताने थापायची. काम संपल्यावर तिने दोन्ही हात पुढे करून दाखवले. गवताचा हिरवा रंग आणि नखांत पांढरा चुना. "झालं बघ. काही कळणार नाही कुणाला," ती म्हणाली.

मामा तिच्या नखांकडे बघत राहिले. त्या क्षणी जी भीती त्यांना वाटली तिच्यापुढे कालच्या दोन्ही भीती पोरकट होत्या.

गुरुवारी सकाळी तपासणीस बाई आल्या. बारीक अंगाच्या, मवाळ बोलणाऱ्या, हातात टेप आणि एक फाईल. अशा माणसांची मामांना जास्तच भीती वाटायची. कोच बरोबर होत्या. मुंगीला टेपचं दुसरं टोक धरायला सांगितलं होतं. बाईंनी सगळं मोजलं. गोलची उंची, कोपऱ्यातले झेंडे, मधलं वर्तुळ. बॉक्सपाशी आल्या. मामा गोलच्या खांबाला धरून उभे राहिले. बाईंनी वाकून आकडा वाचला. "साडेसोळा. अगदी बरोबर," म्हणाल्या आणि फाईलमध्ये बरोबरची खूण केली. दाबलेल्या गवतावरूनच त्या चालत गेल्या. कोचनी मामांच्या पाठीवर थाप मारली.

खरं तर तिथेच संपायचं. मामांचा जीव भांड्यात पडायला हरकत नव्हती. पण बाईंनी फाईल त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, एवढं भरून सही करा. मामांनी चष्मा लावला. तिथे लिहिलं होतं, 'हंगामाच्या काळात मैदानाच्या आखणीत बदल झाला आहे का? हो / नाही'. एकावर खूण करायची होती.

मामांनी पेन टेकवलं आणि ते तसंच राहिलं. समोर मुंगी टेप गुंडाळत होती. तिच्या नखांत अजून चुना होता. आज कुणाला काही कळणार नाही. पण चार दिवसांनी ते गवत वाळून उडून जाईल, कुणीतरी फोटो बघेल, कुणीतरी विचारेल, आणि मग ज्याने त्याने म्हणायचं की भाचीचा फाउल होता, मामाची रेघ होती आणि दोघांनी मिळून पुसली. पुसायला ती होतीच की. आपण तिला बसवलं होतं गुडघ्यांवर. हे धैर्य वगैरे काही नव्हतं, कुणी तसं म्हणू नये. मामा नेहमीसारखेच घाबरले होते. फक्त या वेळी स्वतःसाठी घाबरले नव्हते.

त्यांनी 'हो'वर खूण केली. मग बुटाच्या टोकाने दाबलेलं गवत सरकवलं. पिवळी रेघ दिसली. "ही होती आधी," ते म्हणाले. "वीतभर आत. सगळा हंगाम. माझी दोरी तुटली होती. हिला काही माहीत नाही, मी हिला कीड म्हणून सांगितलं."

सगळं एका दमात बोलले. मग जीभ गेली. कोचचा हात त्यांच्या पाठीवरून निघाला. बाईंनी दोरी मागितली, गाठ हातात घेऊन बघितली, मोजली, बराच वेळ लिहीत राहिल्या आणि दोरी गुंडाळून बरोबर घेऊन गेल्या. सामन्याच्या निकालाचं काय होईल, असं कोचनी विचारलं. ते सोमवारी कळेल, एवढंच बाई म्हणाल्या. मुंगी टेपची गुंडाळी हातात धरून तशीच उभी होती. तिने एकदा पिवळ्या रेघेकडे बघितलं, एकदा मामांकडे, आणि बॅग उचलून निघून गेली.

ते चार दिवस मामांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. मुली समोर आल्या की रस्ता बदलायच्या. भिंतीवरचा खडूचा आठ कुणीतरी पुसला. ऑफिसने फोटो काढून घेतला, त्या जागी चार टाचण्या राहिल्या. मुंगी घरात वावरत होती, जेवत होती, मामींशी बोलत होती, मामांशी एक अक्षर नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मामा कोठीत जाऊन बसायचे. सामना रद्द झाला तर? नोकरी गेली तर चालेल, मामींचं मशीन आहे, कसंतरी भागेल. पण पोरीचं शेवटचं वर्ष. तिने पुन्हा कधी 'मामा' म्हटलंच नाही तर?

सोमवारी दुपारी यादी लागली. मामा बोर्डापाशी गेले नाहीत. ते मैदानावर झारीने पाणी घालत होते, जिथे गरज नव्हती तिथे. वसतिगृहाकडून आरडाओरडा ऐकू आला. आनंदाचा की कशाचा, ते त्यांना ओळखता येईना. थोड्या वेळाने मुंगी आली, खेळायच्या बुटांत. हातात कागद होता. तो तिने मामांच्या हातात दिला नाही, स्वतःच वाचून दाखवला, कोरड्या आवाजात. रेघ दोन्ही टोकांना सारखीच कमी होती, रेफरींनी सामन्याआधी मैदान मान्य केलं होतं, म्हणून निकाल कायम. क्रमांक आठ. मैदान पुढच्या फेरीसाठी नामंजूर. मैदान कर्मचाऱ्यास लेखी ताकीद.

"पहिल्या नंबरवाल्यांशी सामना आहे," ती म्हणाली. "त्यांच्याच मैदानावर. शनिवारी."

मामांनी झारी खाली ठेवली. ज्या मैदानावर हिला सगळे घाबरट म्हणणार, तिथेच आपण हिला पाठवलं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

मुंगी बॉक्सच्या नव्या रेघेपाशी गेली. "ही बरोबर आहे ना? टेपने?"

मामांनी मान हलवली.

ती वीस-पंचवीस पावलं पुढे गेली, वळली, डोळे समोर न दिसणाऱ्या चेंडूवर लावले आणि उलट्या पावलांनी धावत मागे आली. रोज सकाळी करायची तशी. पाय घातला आणि थांबली. मग खाली बघितलं. तिचा बूट रेघेच्या आत होता. चार बोटं. परत पुढे गेली, परत आली, परत पाय घातला. आत. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. प्रत्येक वेळी बूट त्याच जागी पडत होता, जळलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या जरासा बाहेर आणि पांढऱ्या रेघेच्या आत, तसूभरही इकडेतिकडे नाही.

ती तिथेच उभी राहिली, मामांकडे पाठ करून.

"मामा," ती म्हणाली. "मी घाबरत नव्हते."

मामांना समजायला एक क्षण लागला. मग तीनही पेनल्ट्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या, बाकावर बसलेली मुंगी, खसाखसा घासलेले बूट, दहापर्यंत मोजायला आपण दिलेला सल्ला. पोरीच्या पायांनी एकच बॉक्स घोटला होता आणि तो मामांच्या गाठीने मोजलेला होता. तो अंगात घेऊन ती गावोगाव गेली आणि वीतभरानेच चुकत राहिली.

"नव्हतीस," ते म्हणाले. "नव्हतीस गं."

मुंगीने बाहीने डोळे पुसले, आणि वळली तेव्हा ती चिडलेली होती. शनिवारपर्यंत पाच दिवस आहेत, ती म्हणाली, आणि तीन महिन्यांची सवय मोडायचीय. तू इथे रेघेवर उभा राहा. मी बघणार नाही, तू सांगायचं. मग ती पुढे गेली.

मामांच्या पोटात शनिवारचा गोळा आत्ताच आला होता. तरी ते रेघेवर जाऊन उभे राहिले, आणि ती उलटी धावत आली की प्रत्येक वेळी सांगत राहिले, "अजून वीतभर."